दख्खनी दगड अतिनील दिव्याखाली: या हिवाळ्यातली नोंद

या हिवाळ्यात संग्रहातले जवळजवळ सगळे दख्खनी नमुने ट्रेमधून काढून दोन अतिनील दिव्यांखाली नव्याने तपासले. एक ३६५ नॅनोमीटरची, म्हणजे लांब लहरींची, हातात धरायची बॅटरी, दुसरा २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे आखूड लहरींचा दिवा. हाती आलेली गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडचे जे दगड दिवसा सर्वांत देखणे, ते अंधारात बहुधा काळेच राहतात. आणि खाणीच्या कडेला ढिगात पडलेलं पांढुरकं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं साधं खनिज, ज्यासाठी कोणी वाकतसुद्धा नाही, ते उजळून निघतं.

वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट घ्या. हे खनिज पहिल्यांदा १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं, पण जगभरच्या संग्रहांत त्याचे जे सुंदर निळे गोळे दिसतात, ते पुण्याजवळच्या वाघोलीचे. तो निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो. हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचा हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच. माझ्याकडचे हे दगड दोन्ही दिव्यांखाली ढिम्म. फिकट गुलाबी स्टिल्बाइटचंही फारसं वेगळं नाही, काही तुकड्यांवर पुसट पांढरी झाक येते, एवढंच.

दोष बऱ्याचदा लोहाचा. दगडाला अतिनील ऊर्जा मिळाली की ती दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर पडायला स्फटिकात योग्य अशुद्धी लागते: मँगनीज, क्रोमियम, युरेनियमचा अंश, दुर्मीळ मृदा धातू वगैरे. लोह शेजारी असेल तर तीच ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आपला बेसाल्ट, म्हणजे काळा दगड, लोहाने भरलेला, आणि हे स्फटिक त्याच्याच पोकळ्यांत वाढतात. त्यामुळे इथे चमकणारा दगड मिळणं म्हणजे त्या पोकळीत लोहाला बाजूला ठेवून स्फटिक वाढला, हे कळणं. मला या छंदात सर्वांत जास्त ओढ याचीच आहे. रंग डोळ्यांना सुखावतो, पण चमक त्या पोकळीत काय घडलं ते सांगते.

जळगाव भागातल्या एका खाणीत परवानगी घेऊन गेलो होतो. मुकादम म्हणाले, “गारा तिकडं टाकल्यात दादा, बघा काय पाहिजे ते. सुरुंगाची वेळ झाली की मात्र लगेच वर या.” त्या ढिगातून मधाच्या रंगाचे कॅल्साइटचे तुकडे निवडले. घरी ३६५ खाली त्यातला एक पिवळसर पांढरा चमकला आणि बॅटरी बंद केल्यावरही क्षणभर उजळ राहिला. दुसऱ्या तुकड्याने मला तासभर बसवून ठेवलं. तुटलेल्या बाजूने पाहिलं तर आतला गाभा जवळजवळ निस्तेज, त्याभोवती चमकणारा पातळ थर, पुन्हा अंधार, आणि अगदी बाहेरच्या कडेला सर्वांत तेजस्वी पट्टा. दिवसा हा स्फटिक एकसंध दिसतो. म्हणजे वाढता वाढता पोकळीतलं पाणी बदलत गेलं, बहुधा कधी त्यात लोह जास्त होतं, कधी कमी, आणि ते बदल थराथरांत बंद झाले. तुमच्याकडे तुटके कॅल्साइट पडून असतील तर कृपया फेकू नका. अखंड स्फटिकाची बाहेरची चमक दिसते, पण असा छेद तुटक्यातच मिळतो.

या मोसमातली खरी कमाई म्हणजे नाशिक भागातल्या पॉवेलाइटचा छोटा स्फटिक. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं हे खनिज १८९१ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या नमुन्यावरून वर्णिलं गेलं, पण उत्तम स्फटिकांसाठी जगभरचे संग्राहक नाशिककडेच बघतात. माझा तुकडा नखाएवढाही नाही. २५४ खाली तो असा पिवळा होतो की शेजारचं सगळं फिकं पडतं. ३६५ खाली मात्र जेमतेम दिसतो. त्याचा भाऊबंद शीलाइट टंगस्टनचा, तो निळसर पांढरा चमकतो, आणि त्यात मॉलिब्डेनम मिसळत जाईल तसा पिवळ्याकडे झुकतो. टंगस्टन शोधणारे भूवैज्ञानिक म्हणूनच रात्री दिवा घेऊन फिरतात. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजं नोंदलेली आहेत, तेव्हा विदर्भातल्या मित्रांनी २५४चा दिवा जवळ ठेवावाच.

दख्खनबाहेरचं एकच सांगतो. कर्नाटकातला अपारदर्शक, जांभळट माणिक-खडा बाजारात स्वस्त मिळतो. दिवसा मळकट दिसतो, पण क्रोमियममुळे ३६५ खाली निखाऱ्यासारखा लाल होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला दगड हाच घ्यावा.

दिव्यांबद्दल. बाजारातल्या स्वस्त जांभळ्या बॅटऱ्या ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा स्वतःचा जांभळा प्रकाशच इतका असतो की दगडाची मंद चमक त्यात बुडते. ३६५ घेतानाही पुढे काळी फिल्टर काच आहे ना, ते पाहून घ्या. आखूड लहरींचा दिवा डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतो, म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. साधी काचसुद्धा २५४ अडवते, त्यामुळे काचेच्या कपाटातल्या दगडावर बाहेरून दिवा मारून काही दिसत नाही.

खरेदीत ही ३६५ची बॅटरी फार कामाची. वाघोलीच्या नमुन्यांत गळून पडलेले निळे गोळे स्टिल्बाइटवर पुन्हा चिकटवलेले असू शकतात. बऱ्याच जातींचा डिंक या प्रकाशात निळसर पांढरा चमकतो, आणि गोळ्याच्या बुडाशी तशी कड दिसली की नमुना दुरुस्त केलेला आहे हे लगेच कळतं. दुरुस्ती वाईट नाही, पण किंमत ठरवताना ती सांगायलाच हवी. एक काळजी मात्र घ्या: कपड्यांच्या साबणाच्या पावडरीतही चमकणारी द्रव्यं असतात, आणि ती धुतलेल्या कापडाच्या तंतूंवरही राहतात. नमुना कापडाने न पुसता नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, नाहीतर कापसाचे निळे तंतू दगडाचेच वाटतील.

अ‍ॅसिडबद्दल माझं मत ठाम आहे. झिओलाइटच्या, म्हणजे स्टिल्बाइट-स्कोलेसाइटसारख्या खनिजांच्या, नमुन्यांना ते लावूच नये. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कॅल्साइट खाऊन टाकतं, स्कोलेसाइटचा तर जेलीसारखा लगदा होतो. लोहाचे डाग काढायला लोक ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात, पण कॅल्साइटवर त्याने पांढरा पापुद्रा धरतो आणि मग चमक कायमची झाकली जाते. ओकेनाइटच्या कापसी गोळ्यांना तर पाणीसुद्धा नको, तंतू एकमेकांना चिकटून बसतात.

आता पुढचं. मनसर-रामटेक बाजूच्या मँगनीज पट्ट्यातला संगमरवर मिळवायचा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या फ्रँकलिनचं प्रसिद्ध लाल कॅल्साइट मँगनीजमुळेच चमकतं, त्यामुळे आपल्या मँगनीज पट्ट्यातला संगमरवर २५४ खाली काय करतो ते बघायची उत्सुकता आहे. राजस्थानातल्या किशनगडचा सोडालाइट हा खनिज-दगडही मागवला आहे. त्याचा हॅकमनाइट प्रकार अतिनील प्रकाशात रंग धरतो आणि उन्हात सोडतो. तो आला की रंग किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजणार आहे. कोणाकडे किशनगडचा जुना तुकडा असेल तर तुमचेही आकडे कळवा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.