तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसेटच नव्हत्या, तर लिहीत होतात कशावर?

आमच्या रॉक संगीतावरच्या मराठी अंकाचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नागपुरात तेव्हा रॉकच्या कॅसेट मिळतच नव्हत्या, मग तुम्ही अंकात लिहीत होतात तरी कशावर? विचारणारी मुलं बहुतेक विशीतली असतात. हातातल्या फोनवर त्यांना हवा तो अल्बम मिळतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर असं की संगीत होतं म्हणून आम्ही अंक काढला नाही. अंक काढला म्हणून संगीत आलं.

काळ १९८९-९०चा. सीताबर्डीतल्या कॅसेटच्या दुकानांत भिंतीच्या भिंती हिंदी सिनेमा, गझला, भजनं आणि भीमगीतांनी भरलेल्या असायच्या. इंग्रजीचा एखादा खण असला तर त्यात मायकल जॅक्सन, मडोना आणि बोनी एम. त्यापलीकडचं काही ऐकायचं तर कोणाचा भाऊ मुंबईला शिकतोय, कोणाचे काका आखातात आहेत, हे शोधत फिरावं लागे. व्हीआरसीईच्या, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीच्या, होस्टेलवर बाहेरच्या राज्यांतली मुलं असत आणि त्यांच्या ट्रंकांत डीप पर्पल, लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ अशा रॉक बँडच्या कॅसेट असत. सदर भागातल्या काही ख्रिस्ती घरांत साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, नीट जपलेल्या होत्या. रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला जॉन पीलचा कार्यक्रम लागायचा. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा, तरी आम्ही रेडिओला टेपरेकॉर्डर चिकटवून बसायचो.

म्हणजे शहरात संगीत होतं. कोणाकडे काय आहे, हे मात्र दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. धरमपेठेतला मुलगा ज्या कॅसेटसाठी जीव टाकत होता ती महालातल्या एका घरात कपाटावर पडून होती, आणि दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. आमच्या अंकाचं शेवटचं पान या एका गोष्टीसाठी होतं. त्याचं नाव 'कोणाकडे काय'. वाचक आपापल्या कॅसेटची यादी पोस्टकार्डावर पाठवायचे, आम्ही ती नाव आणि मोहल्ल्यासकट छापायचो. ज्याला हवी त्याने कोरी कॅसेट घेऊन जायचं आणि उतरवून आणायची. पुढची पानं, म्हणजे परीक्षणं, बँडची माहिती, गिटारवरचे वाद, हे सगळं त्या पानाच्या जोरावर उभं होतं. आज कोणी अंकातल्या लेखांचं कौतुक केलं की बरं वाटतं, पण माझ्या मते अंकाचं खरं काम शेवटच्या पानानेच केलं.

छपाई सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणाच्या कागदावर अक्षरं कोरून त्यातून शाईने प्रती काढणाऱ्या हाती यंत्रावर. एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांकडे यंत्र होतं. दिवसा त्यावर शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका निघायच्या, संध्याकाळी आमचा अंक. मराठी टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर नुसत्या खिळ्यांनी अक्षरं कोरायची. बोट जरा जोरात पडलं की 'व' आणि 'ब'च्या पोटातला कागद गळून पडायचा आणि तिथे शाईचा काळा ठिपका उमटायचा. चूक झाली तर लाल करेक्शन फ्लुइड लावून, ते वाळेपर्यंत फुंकर घालून, त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. मथळे आणि बँडची टोकदार अक्षरं आमच्यातला एक मित्र लोखंडी लेखणीने थेट स्टेन्सिलवर काढायचा. गणपती मंडळांचे फलक रंगवणारा मुलगा तो. त्याचा हात इतका सफाईदार होता की आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या नावाची अक्षरं बघून लोक विचारायचे, छपाईचा ब्लॉक कुठून करून आणला?

मे महिन्यात मात्र कसोटी लागायची. पारा पंचेचाळीसच्या पुढे, खोली बंद, म्हणून कूलर लावावा तर त्याच्या ओलाव्याने कागद नरम पडून एकदम दोन-दोन आत जायचे. शेवटी कूलर बंद करून, घामाने निथळत, एकाने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्याने एकेक पान उचलून पसरायचं. सर अधूनमधून डोकावून म्हणायचे, "काय छापून राहिले बे पोट्टेहो, एक शब्द समजत नाही." आणि मग स्वतःच खाली बसून गठ्ठे लावायचे. मुखपृष्ठावर 'फक्त खासगी वितरणासाठी' असं टाकायलाही त्यांनीच सांगितलं, कारण नियतकालिक म्हटलं की नोंदणी आली. बाहेरगावच्या प्रती बुक पोस्टाने, म्हणजे छापील मजकुरासाठीच्या स्वस्त टपालाने, जात, एका बाजूने उघड्या ठेवलेल्या वेष्टनात.

अंक काढला म्हणून संगीत आलं, असं मी वर म्हटलं; आता त्याचा पुरावा. आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' हा १९८४चा अल्बम नागपुरात एकाच मूळ प्रतीवरून पसरला होता. कोणीतरी तो सी-९०च्या, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या, एका बाजूवर उतरवलेला. सी-९०ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि अल्बम जवळपास एक्कावन्न मिनिटांचा. शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून मोठं, कोलरिजच्या १७९८ साली छापल्या गेलेल्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर बेतलेलं. त्याच्या मधोमध सगळी वाद्यं थंडावतात, जहाजाच्या लाकडाची करकर ऐकू येते, कोणीतरी कवितेच्या ओळी म्हणत असतं. आमची टेप नेमकी तिथे संपायची. खलाशाने अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी मारलाय, जहाज वाऱ्याविना अडकलंय, माणसं एकामागून एक मरून पडतायत आणि खट्! बटण वर. शहरातल्या ज्या ज्या मुलाने ते गाणं ऐकलं होतं, त्याने इतकंच ऐकलं होतं.

मी अंकात ते तसंच लिहिलं. गाणं इथे थांबतं, पुढे काय होतं कोणाला माहीत असेल तर कळवा. अमरावतीहून एका बाईंचं पत्र आलं. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या आणि त्यांचा भाचा अंक घ्यायचा. त्यांनी रॉक कधी ऐकलं नव्हतं, पण कविता वर्षानुवर्षं शिकवली होती. पाण्यातल्या सापांचं सौंदर्य बघून खलाशाच्या तोंडून नकळत आशीर्वाद निघतो, गळ्यात अडकवलेला पक्षी गळून समुद्रात पडतो, पाऊस येतो, आणि पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत फिरणं त्याच्या नशिबी येतं, हे सगळं त्यांनी इतक्या सुंदर मराठीत लिहिलं की आम्ही पत्राला पूर्ण दोन पानं दिली. तो अंक हातोहात गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत भिलाईहून एक पाकीट आलं, आत दोन्ही बाजूंवर नीट उतरवलेला अख्खा अल्बम. पाठवणाऱ्याने चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं की बाईंनाही ऐकवा. वाद्यं पुन्हा उसळतात ती जागा आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा खोलीत कोणीच काही बोललं नाही, आणि मग सगळे एकदम ओरडलो. कॅसेटची एक प्रत अमरावतीला गेली. बाईंनी ती वर्गात लावली, असं भाच्याने कळवलं.

मराठीतच का, असंही विचारतात. कारण आम्ही भांडायचो मराठीत. गिटारवर रिची ब्लॅकमोर मोठा की जिमी पेज, हा वाद फुटाळा तलावाच्या काठावर ज्या भाषेत होत होता, त्याच भाषेत तो कागदावर यायला हवा होता. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते कुठल्या तरी मासिकातून ऐकून आणलेलं मत झालं असतं. शिवाय सायक्लोस्टाइलवर अंक काढणं मराठीला नवं नव्हतं. पन्नाशीच्या दशकात मुंबईतल्या तरुण कवींनी 'शब्द' असाच काढला होता. तिकडे अमेरिकेत पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने १९६६ साली 'क्रॉडॅडी'ची सुरुवात अशाच यंत्रावर केली, हे मला फार नंतर कळलं आणि फार आनंद झाला.

अंक थांबला तो कोणत्या भांडणाने नाही. १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही दिसू लागला, बर्डीतल्या दुकानांत मेटलिका आणि गन्स अँड रोझेस आले, आमच्यातले काही नोकरीसाठी पुण्याला गेले. १९९३ साली अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉकवरचं इंग्रजी मासिक सुरू झालं. 'कोणाकडे काय'ला येणारी पोस्टकार्डं कमी होत गेली, आणि ती आली नाहीत तर अंक काढण्यात मला अर्थ वाटेना.

जुने अंक बघायला मिळतील का, असं विचारणाऱ्यांसाठी: बहुतेक अंक माझ्याकडे आहेत, स्कॅन करतोय, जमतील तसे देईन. अडचण एकच. शेवटचं पान लोक फाडून खिशात ठेवायचे, त्यामुळे परत मिळालेल्या प्रतींत ते नाही. तुमच्या घरी कोणाच्या जुन्या पुस्तकात, कॅसेटच्या डब्यात असं एखादं पान सापडलं, तर त्याचा फोटो मला जरूर पाठवा.