गाडीच्या टेपवर सप्ताह: ४१ कॅसेटींची आतापर्यंतची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा पेटीतल्या कॅसेटी नुसत्या मोजून झाल्या होत्या. ४१ निघाल्या. २९ साठ मिनिटांच्या, १२ नव्वदच्या. सगळ्या बाजू धरून ४७ तास. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होतो, त्याची १९८९ ते २००१ या काळातली ही रेकॉर्डिंगं. मृदंगावर बहुतेक ठिकाणी आप्पा, म्हणजे माझे वडील. आता त्यांची बोटं थरथरतात, मृदंग खोळीत घालून माळ्यावर ठेवलाय. परभणीहून गावापर्यंतचा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आम्ही दोघं महिन्यातून दोन-तीनदा करतो, आणि निवांत ऐकायची त्यांची जागा तीच. म्हणून ठरवलं होतं की हा सप्ताह गाडीच्या टेपवर, म्हणजे पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथवाल्या म्युझिक सिस्टिमवर, वाजला पाहिजे, जसा झाला त्याच क्रमानं आणि मध्ये न तुटता.

आता वाजायला लागलाय. ‘न तुटता’ एवढ्यासाठी मात्र आठ महिने लागले. ज्यांच्या घरी अशाच कॅसेटी पडून आहेत त्यांच्या उपयोगाचं यात बरंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅसेटीवरून कॉम्प्युटरवर

कॅसेट डेकचं हेड (कॅसेटीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं हे सगळ्यांना माहीत आहे. दर दोन कॅसेटींनंतर पुसलं तरी कापूस तपकिरी व्हायचा. कमी लोकांना माहीत असतं ते हेडच्या कलाबद्दल. गावातल्या ज्या टेपरेकॉर्डरवर हे भरलं गेलं, त्याचं हेड किंचित तिरकं होतं. माझ्या डेकचं हेड सरळ आहे. या फरकानं आधी टाळाचा आवाज मरतो. टाळ म्हणजे कॅसेटीवरचा सगळ्यात उंच आवाज, आणि तोच बोथट झाला की भजन गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. डेकच्या हेडशेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. आधी तो कुठं आहे त्याची खूण करून ठेवा, मग कॅसेट वाजत असताना हळूच फिरवत जा. टाळ सगळ्यात टोकदार जिथं लागेल तिथं थांबा. डावा-उजवा एकत्र करून, म्हणजे मोनो करून ऐकलं तर ही जागा जास्त चटकन सापडते, कारण कल चुकला असेल तर दोन्ही बाजू मिसळताना उंच आवाज एकमेकांना खाऊन टाकतात.

दुसरी अडचण सेलची. त्या काळी वीज गेली की टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की मोटर हळू फिरायची, आणि हळू भरलेली कॅसेट आज योग्य वेगानं वाजवली की जलद आणि चढ्या पट्टीत ऐकू येते. १९९४ च्या तिसऱ्या रात्रीचं कीर्तन सुरुवातीला ठीक आहे, शेवटाकडे बुवांचा आवाज पोरासारखा होतो. उपाय सोपा पण वेळखाऊ. घरची बाजाची पेटी जवळ घेऊन बसलो, रेकॉर्डिंगमधल्या पेटीचा षड्ज आधी कुठं होता आणि नंतर कुठं गेला ते दाबून पाहिलं, आणि ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या भागाचा वेग कमी केला. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्यायचा. नुसती पट्टी बदलणारा घेतला तर लय जलदच राहते आणि मृदंगाचे बोल चिकटल्यासारखे होतात.

सगळं मोनोतच ठेवलंय. मूळ रेकॉर्डिंग एका माइकचं आहे, दोन चॅनेल ठेवून जागा कशाला घालवायची? १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ मोनोचा एक तास म्हणजे साधारण ३१७ एमबी, त्यामुळं ४७ तासांची मूळ प्रत १५ जीबीत बसली. ती फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता जागा वाचवणाऱ्या प्रकारात) करून दोन हार्डडिस्कवर ठेवली आहे. गाडीसाठी १२८ केबीपीएस मोनो एमपीथ्री, सगळं मिळून पावणेतीन जीबी. स्टिरिओ संगीताला १२८ मला कमी वाटतं, पण मोनोत तेवढेच बिट एकाच चॅनेलला मिळतात, आणि या कॅसेटींत त्याहून जास्त काही दडलेलं नाही.

ब्लूटूथ का सोडलं

गाडी २०१२ ची वॅगनआर. टेप बटणांचा, एक डिन मापाचा, म्हणजे तोंड १८० बाय ५० मिलिमीटर. स्क्रीनवाला बसवा असं तिघा-चौघांनी सुचवलं. मला बटणंच हवी आहेत. खड्डा चुकवताना बोटानं चाचपून दाबता येतात.

सुरुवातीला फोनवरून ब्लूटूथनं वाजवलं. सोय मोठी आहे, पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे फोन आला की कीर्तन बंद, आणि त्या रस्त्यावर मला फोन येतातच. दुसरी आवाजाची. ब्लूटूथवर संगीत पाठवताना ते पुन्हा एकदा दाबलं जातं. प्रत्येक यंत्राला जी पद्धत यावीच लागते ती एसबीसी, आणि माझ्या टेपला तेवढीच येते. म्हणजे एमपीथ्री करताना आवाजाला एकदा कात्री लागली, फोननं ती फाइल उलगडली आणि हवेतून धाडताना कात्री दुसऱ्यांदा लावली. माणसाच्या आवाजाला फारसा फरक पडत नाही. वीस टाळकरी एकत्र वाजवायला लागले की पडतो. टाळाची झण् जाऊन नुसतं स्स् उरतं. गाडी पळत असताना कदाचित कळणार नाही, पण शेताच्या बांधावर गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह दोन्ही आलटून पालटून ऐकलं तेव्हा आप्पांनी न सांगता ओळखलं. “हे पहिलं बरं होतं,” म्हणाले. पहिला पेनड्राइव्ह होता.

त्याआधी सिगारेट सॉकेटमधला एफएम मॉड्युलेटरही (गाणं टेपच्या रेडिओवर पाठवणारा) वापरून पाहिला होता. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर काही जातच नाही, आणि मोकळी वाटलेली जागा पुढच्या गावात दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेशनाशी भांडते. चार दिवसांत काढून ठेवला.

ऑक्सच्या, म्हणजे फोन थेट टेपला जोडायच्या वायरीबद्दल एकच सांगतो. फोन ऑक्सला आणि त्याच वेळी गाडीच्या चार्जरला लावला की इंजिनाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू यायची. चार्जर काढला की गायब. दोन वाटांनी अर्थिंग (ग्राउंड) जोडलं जातं आणि अल्टरनेटरचा आवाज त्यातून शिरतो. मध्ये छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की जाते. माझं काम पेनड्राइव्हवर आल्यामुळं तो आता भाच्याच्या गाडीत आहे.

क्रम

६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह टेपनं ओळखलाच नाही, कारण तो एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतो आणि टेपला फॅट३२ हा जुना फॉरमॅट लागतो. जुना १६ जीबीचा घेतला, पुरतो.

त्यावर पहिल्यांदा कीर्तन वाजलं ते काल्याचं. सप्ताह शेवटापासून सुरू! नावं तर मी नीट दिली होती. शोधल्यावर कळलं की असले टेप नावाकडे बघतच नाहीत. पेनड्राइव्हच्या यादीत फाइल ज्या क्रमानं लिहिली गेली त्याच क्रमानं वाजवतात, आणि कॉम्प्युटर एकदम शंभर फाइली उतरवताना तो क्रम आपल्या मनासारखा ठेवेलच असं नाही. यावर फॅटसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते ही यादीच नावाप्रमाणं लावून देतं. नावांपुढं ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक हवेत. एकआकडी ठेवले तर १ नंतर १० येतो.

आता मांडणी अशी आहे: दिवसाचं एक फोल्डर, सात दिवसांची सात आणि आठवं काल्याचं. आत आधी काकडा, मग हरिपाठ, मग रात्रीचं कीर्तन, शेवटी जागर. टेपच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, चौकोन दिसतात. त्यामुळं नावं रोमन अक्षरांत द्यावी लागली, याचं मला वाईट वाटतं. फ्लॅकच्या मूळ प्रतीत सगळं मराठीत आहे.

आवाजाची पातळी एमपीथ्रीगेन या सॉफ्टवेअरनं सारखी केली. टॅगमध्ये (फाइलला जोडलेल्या माहितीत) नोंद करून ठेवणारी साधनं या टेपला उपयोगाची नाहीत, तो टॅग वाचत नाही. एमपीथ्रीगेन फाइलच्या आतलाच आकडा बदलतं, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि पुन्हा मागंही घेता येतं.

कात्री कुठं लावायची

सगळ्यात जास्त विचार याचा केला. प्रत्येक अभंगाची वेगळी फाइल केली होती, म्हणजे हवा तो लावता येईल. गाडीत लावलं आणि आप्पा चमकले. “मधीच का थांबलं रे?”

काकड्यात एक अभंग संपून दुसरा सुरू होताना मृदंग थांबत नाही. चाल बदलते, लय तीच चालू असते. फाइल बदलताना माझा टेप पाऊण सेकंद गप्प बसतो. त्यातला बराच वेळ पुढची फाइल उघडण्यात जातो. शिवाय एमपीथ्रीचा स्वभावच असा आहे की ते ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधलं जातं, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. ते भरून काढायला सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवली जाते. एमपीथ्री बनवणारा लेम एन्कोडर ती किती आहे ते फाइलच्या डोक्यात लिहून ठेवतो, फोनमधली चांगली ॲप ती वाचून वगळतात. टेप वगळत नाही. ऐकणाऱ्याला पाऊण सेकंद काहीच नाही, पण ज्यानं तो ठेका आयुष्यभर धरला त्याचा हात समेवर येतो आणि समेलाच आवाज नसतो.

कॅसेटची अख्खी बाजू एक फाइल, असंही करून पाहिलं. मग ४५ मिनिटांत कुठं काय आहे ते सापडेना. शेवटी नियम केला की मृदंग जिथं खरोखर थांबतो तिथंच कात्री. त्यासाठी ४७ तास पुन्हा ऐकावे लागले. गजर संपून बुवा निरूपणाला सुरुवात करतात तिथं तोडता येतं. हरिपाठ अखंड ठेवला. काकड्याच्या काही फाइली अठरा-वीस मिनिटांच्या झाल्या, काही तीनच मिनिटांच्या. कॅसेटची बाजू ऐन रंगात संपली आहे तिथं मात्र इलाज नाही. तिथं दोन सेकंदांत आवाज हळू उतरवला आहे.

टेप विसरत होता

लांब फाइली केल्यावर नवीन दुखणं पुढं आलं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की टेप पहिल्या दिवसाच्या पहिल्या काकड्यावर. घड्याळही रोज बाराला. मला वाटलं टेपच तसा आहे. एका रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. टेपच्या मागं दोन सप्लाय असतात: पिवळी वायर कायमची बॅटरीला, आठवणीसाठी, आणि लाल वायर किल्लीला. किल्ली काढून पिवळीवर मोजलं, शून्य. ज्या दुकानात टेप बसवला तिथं पिवळी आणि लाल एकत्र पिळून किल्लीच्या वायरला जोडल्या होत्या. टेप वाजतो, पण किल्ली काढली की सगळं विसरतो. तुमच्याही टेपचं घड्याळ रोज पुसलं जात असेल तर आधी हे मोजा.

आमच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्या मामांनी फ्यूजबॉक्समधून कायमची वायर काढून दिली, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज टाकून. अर्ध्या तासाचं काम. “उलटं बी करत्यात काहीजण,” मामा म्हणाले, “दोन्ही बॅटरीला. मग टेप बंद करायचा राहिला की सकाळी गाडी ढकला.”

मागचा शनिवार

सकाळी सातला परभणीहून निघालो. १९९४ चा चौथा दिवस लावला. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला थांबलो, अर्धा पाऊण तास गेला. परत आलो, किल्ली फिरवली, आणि बुवांचं जे वाक्य अर्धवट राहिलं होतं तेच पुढं सुरू झालं. आप्पांनी टेपकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं गजर आला तेव्हा त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं चालत होती.

गंगाखेडच्या अलीकडे म्हणाले, “हा चौथा दिवस नाही.”

कॅसेटीच्या खोक्यावर तर ४ लिहिलंय, मी म्हटलं.

“लिव्हलं असंल. पण चौथ्या दिवशी मी नव्हतोच. तुझ्या आत्याकडं गेलो होतो, दुसऱ्यानं वाजवलं. हा हात माझा हाय. पाचवा असंल.”

घरी येऊन पाचव्या दिवसाची म्हणून ठेवलेली कॅसेट ऐकली. तिथला मृदंग खरंच वेगळा आहे. थापेचा आवाज कोरडा आहे, आणि हरिपाठात लय वाढवतानाची उठावणी आप्पांची नाही. दोन कॅसेटींच्या खोक्यांची अदलाबदल कधीतरी झाली असणार. आता ०४ आणि ०५ ची फोल्डरं बदलून, फॅटसॉर्ट पुन्हा चालवून, पुढच्या शनिवारी सहावा आणि सातवा दिवस त्यांना ऐकवायचा आहे. त्या दोन्हींवर वर्षच लिहिलेलं नाही.