पंप बंद झाला की कंट्रोलर थिजायचा

माशांच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी वेव्हमेकरचा, म्हणजे पाण्यात लाटा उठवणाऱ्या पंपांचा, कंट्रोलर स्वतः तयार करण्याचे काम खरे तर एका शनिवार-रविवारात संपायला हवे होते. मला दहा आठवडे लागले, आणि त्यांतले जवळजवळ सगळे दिवस एकाच दोषामागे गेले: रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, पंप बंद केला की मधूनच कंट्रोलर जागच्या जागी थिजत असे. बाकीच्या कामाची माहिती कोणालाही सहज मिळते. या एका ठिकाणी मात्र मला मिळालेले बहुतेक सल्ले भलत्याच दिशेने नेणारे निघाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटरची आहे. अनेक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण असल्यामुळे मी प्रवाळ ठेवत नाही. टाकीत फक्त मासे आणि खडक आहेत. तरीही पाणी सतत एकाच दिशेने फिरत राहिले, तर खडकांच्या मागे ठरावीक कोपऱ्यांत घाण साचते आणि तिथेच कुजते. दोन टोकांना समोरासमोर पंप लावून ते आलटून पालटून चालवले, की ते कोपरे स्वच्छ राहतात. माझे दोन्ही पंप २३० व्होल्टवर चालणारे, प्रत्येकी ६ वॅटचे आणि ताशी ३००० लिटर पाणी ढकलणारे आहेत. तयार कंट्रोलर बहुधा त्यांच्या स्वतःच्या डीसी पंपांसोबतच येतात, आणि उत्तम चालणारे दोन पंप अडगळीत टाकणे मला पटत नव्हते.

आर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, दोन रिलेंचे ५ व्होल्टचे मॉड्यूल, डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, दोन ओळींचा छोटा डिस्प्ले, मोबाइलचा जुना चार्जर आणि मासे खायला घालताना दोन्ही पंप दहा मिनिटे थांबवणारे एक बटण, एवढ्यावर जोडणी एका संध्याकाळी पूर्ण झाली. टेबलावर पंपांच्या जागी दोन बल्ब लावून मी ती चार दिवस अखंड चालवली. बल्ब ठरल्या वेळी लागत होते, ठरल्या वेळी विझत होते. पाचव्या दिवशी बल्ब काढून पंप जोडले आणि सहा तासांच्या आत डिस्प्लेवर अर्थहीन अक्षरे उमटून सगळे थांबले.

या दोषाचा खरा त्रास त्याच्या अनियमितपणात होता. कंट्रोलर कधी दोन तासांत थिजे, तर कधी तीन दिवस बिनतक्रार चाले. त्यामुळे मी केलेला प्रत्येक बदल एक-दोन दिवस यशस्वी वाटे, मी घरच्यांना झाले म्हणून सांगे, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रोग्राममध्ये चूक असणार असे मला सर्वांनी सांगितले, म्हणून मी तो तीन वेळा पहिल्यापासून लिहिला. प्रोग्रामला थांबवून ठेवणारी ‘डीले’ ही आज्ञा काढून सगळी वेळ न थांबवता वेळ सांगणाऱ्या ‘मिलिस’वर मोजायला घेतली, तो बदल चांगलाच होता, पण या दोषाशी त्याचा काही संबंध नव्हता. चार्जर बदलला, नॅनो बदलला, ५ व्होल्टच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, खाऱ्या हवेने सांधे खराब झाले असतील म्हणून सोल्डरचे सगळे डाग काढून पुन्हा दिले. बल्बवर चार दिवस चाललेली वस्तू टाकीजवळ नेल्यावर बिघडते, याचा अर्थ दोष दमटपणाचा असणार, असे मी ठरवून टाकले होते, आणि त्या समजुतीपायी तीन आठवडे गेले.

जुलैच्या अखेरीस एका रात्री मी माशांना खायला घालून बटण दाबले आणि झोपलो. पंप थांबलेले असतानाच कंट्रोलर थिजला आणि दोन्ही पंप रात्रभर बंद राहिले. सकाळी सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून होते. फिल्टरचा पंप वेगळ्या प्लगवर चालू होता, म्हणूनच ते वाचले. मी कंट्रोलर काढून कपाटात ठेवला आणि आठवडाभर त्याच्याकडे पाहिले नाही.

त्यातून बाहेर काढले ते आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी. कंट्रोल पॅनेल बनवण्याच्या कामातून ते निवृत्त झालेले आहेत. मी प्रोग्राम दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि विचारले, “हे थांबतं कधी? पंप सुरू होताना की बंद होताना?” मला उत्तर देता आले नाही. “आधी ते लिहून काढ, मग माझ्याकडे ये,” एवढेच ते म्हणाले. मी प्रत्येक बदलाच्या वेळी संगणकावर एक ओळ उमटेल अशी सोय केली. पुढच्या पाच दिवसांत कंट्रोलर नऊ वेळा थिजला आणि नऊही वेळा शेवटची ओळ पंप बंद करण्याची होती. नऊ आठवडे मी जे शोधत होतो, ते या पाच दिवसांच्या नोंदीत होते.

काकांनी कारण समजावून सांगितले ते असे. पंपात तारेची गुंडाळी असते आणि गुंडाळीतून वाहणारा प्रवाह अचानक तोडला, की तिच्या चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा कुठेतरी बाहेर पडू पाहते. त्या क्षणी रिलेच्या उघडणाऱ्या टोकांमध्ये व्होल्टेज मूळ २३० च्या कितीतरी पट चढते आणि ठिणगी पडते. ती ठिणगी छोट्या रेडिओ केंद्रासारखी असते. शेजारून जाणाऱ्या डिस्प्लेच्या आणि घड्याळाच्या तारा ती लहर पकडतात आणि नॅनो घड्याळाच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडतो. बल्बमध्ये अशी गुंडाळी नसते, म्हणून टेबलावर काहीच घडले नव्हते. ठिणगी प्रवाहाच्या लहरीत नेमकी कुठे पडते यावर तिचा जोर ठरतो, म्हणूनच दोष कधी दिसे आणि कधी दिसत नसे. खात्रीसाठी त्यांनी आपला मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर आणून दोन केंद्रांच्या मध्ये लावून ठेवला. पंप बंद झाला की दर वेळी त्यातून ‘कट्ट’ असा मोठा आवाज येई. बल्ब विझताना तसा आवाज आला नाही. ज्याला अशी शंका असेल त्याने पैसे खर्च करण्याआधी ही परीक्षा जरूर करावी.

उपाय होता स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारी जोडी: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग जोडलेले. दोन्ही मिळून काही रुपयांची वस्तू, पण ती मिळवायला मला पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पहिल्या दुकानात मला हिरवा कपॅसिटर मिळाला, त्यावर ‘२ए१०४’ असे छापलेले होते. क्षमता बरोबर, पण ‘२ए’ म्हणजे १०० व्होल्ट डीसी, आणि आपल्या घरच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. काकांनी तो पाहिला नसता तर मी तो जोडला असता. दुसऱ्या दुकानात ४०० व्होल्ट डीसीचा दिला आणि “एकच असतं, चालून जाईल” असे वर ऐकवले. ते एकच नसते. मुख्य विजेच्या दोन तारांमध्ये कायम राहणारा कपॅसिटर ‘एक्स२’ वर्गाचाच हवा, कारण तो विजेतले धक्के सोसण्यासाठी आणि बिघडला तरी पेट घेऊ नये अशा रीतीने बनवलेला असतो. तिसऱ्या फेरीत मला पिवळ्या चौकोनी डबीसारखा, ‘एक्स२’ आणि ‘२७५’ (म्हणजे २७५ व्होल्ट एसी) असे स्पष्ट छापलेला कपॅसिटर मिळाला. दुकानदाराशी वाद घालू नये, छापील अक्षरे वाचून घ्यावी आणि ती नसतील तर निघून यावे.

इथेही एक फसगत झाली. बऱ्याच आकृत्यांत दाखवतात तसा मी स्नबर रिलेच्या दोन टोकांवर जोडला. कंट्रोलर थिजायचा थांबला, पण बंद असलेला पंप गुणगुणत थरथरू लागला. ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झच्या विजेचा सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह रिले उघडा असतानाही वाहत राहतो. मोठ्या मोटरला त्याने काही होत नाही, पण ६ वॅटच्या पंपाला तेवढा प्रवाह जाणवतो. स्नबर तिथून काढून पंपाच्याच दोन तारांमध्ये जोडल्यावर रिले उघडला की पंप पूर्ण शांत झाला आणि ट्रान्झिस्टरचा ‘कट्ट’ जेमतेम ऐकू येईल इतका उरला. लहान पंपांसाठी स्नबर पंपाला समांतर जोडावा, हे एक वाक्य मला आधी कुठे वाचायला मिळाले असते, तर त्या आठवड्यातला निम्मा वेळ वाचला असता.

त्याच बैठकीत काकांनी रिले मॉड्यूलवरचा ‘जेडी-व्हीसीसी’ लिहिलेला छोटा जंपर काढायला लावला. तो जागेवर असताना रिलेच्या गुंडाळ्या आणि नॅनो एकाच ५ व्होल्टवर चालतात, त्यामुळे संकेत प्रकाशाने पोचवून दोन्ही बाजूंची वीज अलग ठेवणाऱ्या मॉड्यूलवरच्या ऑप्टोकपलरचा उपयोगच राहत नाही. आता रिलेंना वेगळा चार्जर आहे आणि दोन्ही चार्जरच्या ऋण तारा मी एकमेकींना जोडलेल्या नाहीत. डिस्प्लेच्या तारा आखूड करून २३० व्होल्टच्या तारांपासून दूर, डबीच्या दुसऱ्या बाजूला नेल्या. त्यानंतर आजवर कंट्रोलर एकदाही थिजलेला नाही, आणि ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो.

त्या रात्रीचे मासे मात्र मी विसरलेलो नाही, म्हणून पंप आता रिलेच्या ‘एनसी’, म्हणजे रिले ओढलेला नसताना जोडलेल्या राहणाऱ्या, टोकाला जोडले आहेत. रिले ओढला गेला तर पंप बंद, आणि कंट्रोलरची वीज गेली तर दोन्ही पंप आपोआप चालू. यासोबत वॉचडॉग टायमरही चालू ठेवावा, म्हणजे प्रोग्राम अडकला तर आठ सेकंदांत नॅनो नव्याने सुरू होईल. मात्र जुना बूटलोडर (नॅनो सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असलेल्या नॅनोवर वॉचडॉगने एकदा रीसेट केले की तो पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. त्यावर आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवावा लागतो.

पंपांची आलटापालट किती वेळाने करावी, याचा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता. पंधरा-पंधरा सेकंदांनी बदल ठेवला, तर प्रत्येक रिले दिवसाला २८८० वेळा चालतो. असे रिले पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा चालतील असे धरलेले असते, म्हणजे तो आकडा ३५ दिवसांत संपतो. आपल्या पंपाचा भार अगदी हलका असल्याने रिले प्रत्यक्षात जास्त टिकतो, तरी मी वेळ ९० सेकंदांवर नेली. आता दिवसाला ४८० वेळा. पंपांच्या दृष्टीनेही हेच बरे, कारण दर वेळी सुरू होताना त्यांचा चुंबक झटका खातो. पंख्याच्या रेग्युलेटरने या पंपांचा वेग कमी करता येईल का, असे मला दोघांनी विचारले. तसे करू नये. या मोटरचा वेग विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेला असतो. व्होल्टेज कमी केल्याने तिचा जोर घटतो आणि ती अडकते.

प्रोग्राममध्ये रिलेला जोडलेल्या पिनला ‘हाय’ (या मॉड्यूलवर म्हणजे रिले सुटलेला) आधी लिहावे आणि मगच तिला ‘आउटपुट’ करावे, नाहीतर वीज आल्याबरोबर दोन्ही रिले क्षणभर ओढले जातात. घड्याळाच्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा छोटा सर्किट असतो. त्यात साधा सीआर२०३२ सेल टाकायचा असेल तर तिथला डायोड किंवा रेझिस्टर काढून टाकावा.

आणि जे मी सर्वांत आधी लिहायला हवे होते: टाकीच्या सगळ्या प्लगांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये, पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, आणि प्रत्येक पंपाची तार प्लगच्या पातळीखाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे पाणी त्या झोलावरून खाली पडते, प्लगमध्ये शिरत नाही. माझ्या डबीच्या झाकणावर पहिल्याच महिन्यात मिठाची पांढरी किनार धरली होती. आता डबी टाकीपासून चार फूट दूर भिंतीवर आहे आणि तिच्या आत नवे रिले मॉड्यूल सुटे ठेवलेले आहे.