शिंपल्याची खिडकी, फवाऱ्याची शाई

फोंडा, श्रावणातला रविवार

सकाळपासून रिपरिप चालू आहे. कपडे वाळत नाहीत, पापड सादळले, आणि मला मात्र आज हीच हवा हवी होती. घरात हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येऊ न शकणाऱ्यांसाठी कार्डं करायला घेतली आहेत. चकाकत्या फवाऱ्याच्या शाया ऑनलाइन मागवल्या होत्या, त्यांची खरी गंमत पावसाळ्यातच कळते. या शाईत पाण्यात विरघळलेला रंग असतो आणि न विरघळणारी अभ्रकाची बारीक भुकटी असते. बाटली नुसती ठेवली की भुकटी तळाशी बसते, म्हणून फवारण्याआधी ती चांगली हलवायची, तळाचा गाळ पूर्ण सुटेपर्यंत. कागदावर पडल्यावर रंग पाण्याबरोबर धावतो आणि अभ्रक जिथे पाणी साचेल तिथे सावकाश बसतं. मे महिन्यात पाणी बघता बघता उडतं आणि चकाकी ठिपक्याठिपक्यांनी अडकून राहते. आज कागद कितीतरी वेळ ओला होता. पाटी हळूहळू कलती करत चकाकीचा ओघळ मला हवा तिथे नेता आला. हेअर ड्रायर काढलाच नाही. त्याच्या झोताने पाणी भलतीकडे पळतं.

कागद मात्र जाड लागतो, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) जलरंगाचा. साधं कार्डशीट या हवेत पापडासारखं वळतं. चारी कडांना कागदी टेप लावून पाटीवर चिकटवलं की बरंच वठणीवर येतं.

यंदा मला करायची होती शिंपल्याची खिडकी. माहेरी सावईवेऱ्याला जुन्या घराला तशा खिडक्या होत्या. घर नव्याने बांधलं, सरकती अॅल्युमिनियमची तावदानं आली, आणि जुनी एक चौकट तेवढी माळ्यावर राहिली. गेल्या खेपेला गेले तेव्हा तिच्यातलं एक सुटलेलं तावदान भावाकडून मागून आणलं. काच महाग होती त्या काळात गोव्यातल्या घरांना आणि चर्चनाही हेच शिंपले बसवायचे. चपटे, जवळजवळ गोल, कडा कापून चौकोनी केलेले. जुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून आहे, पण आता त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नव्या खिडकीसाठी कुणी काढायला जाऊ नये हे बरंच झालं.

हे तावदान आज टेबलावर ठेवून नीट पाहिलं. लांबून पांढरं वाटतं, पण ते पांढरं नाही. मधोमध दुधट, कडेला पिवळसर, आणि आरपार केसासारख्या बारीक रेषा. उजेडाकडे धरलं की पलीकडचं बोट नुसतं सावलीसारखं दिसतं. थोडं कललं की एका बाजूने गुलाबी झाक सरकत जाते आणि लगेच नाहीशी होते. मला कार्डावर तेवढीच झाक हवी होती, त्याहून जास्त नाही.

आणि शाईतलं अभ्रक नेमकं त्याचीच नक्कल करतं. शिंपल्यात पातळ थरांवर थर असतात आणि त्यांतून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो. अभ्रकाच्या कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. थर पातळ असला तर रुपेरी, जाड होत गेला की सोनेरी, मग तांबूस, निळा, हिरवा. म्हणजे तो रंग कुणी मिसळलेला नसतो, थराच्या जाडीतून येतो. ही युक्ती बाजारात आली १९६०च्या दशकात. त्याआधी मोत्याची झळाळी माशांच्या खवल्यांपासून काढत. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये नकली मोती त्यावरच बनायचे. (श्रावणात मासळीचं नाव काढू नये, पण खवल्यांचं काढायला हरकत नसावी.)

अभ्रकाची दुसरी बाजूही आहे. झारखंडच्या खाणपट्ट्यात लहान मुलांकडून अभ्रक वेचून घेतात हे वाचल्यापासून मी शक्यतो प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम अभ्रक असलेली शाई घेते. थोडी महाग पडते, आणि चकाकी उलट जास्त स्वच्छ येते.

खिडकीची जाळी करायला टेपच्या अगदी अरुंद पट्ट्या कापून कागदावर उभ्याआडव्या लावल्या. आधी फिकट पिवळसर शाई, वीतभर लांबून. जवळून मारलं तर थेंब पडतात, लांबून धुकं पडतं. ती पूर्ण वाळल्यावरच मोतिया. घाई करून ओल्यावर ओला रंग चढवला तर दोन सुंदर रंगांचा एक चिखल होतो. सगळं फवारणं रिकाम्या खोक्यात चालतं, नाहीतर अभ्रक भिंतीवर, फरशीवर, मांजरावर. टेप सोलली, पांढऱ्या राहिलेल्या जाळीवर ब्रशने लाकडाचा तपकिरी भरला, आणि खिडकी उभी राहिली.

सासूबाई डोकावल्या. ‘कितें गो हें?’ मी कार्ड हातात दिलं. त्यांनी सरळ धरलं, काही बोलल्या नाहीत. मग दाराकडे उजेडात नेऊन तिरकं केलं, परत सरळ, परत तिरकं. ‘बरें दिसता,’ म्हणाल्या आणि खाली ठेवण्याआधी आणखी एकदा तिरकं करून पाहिलं. मला हेच हवं होतं. चकाकी आधी दिसता कामा नये. हातात घेणाऱ्याने हात हलवला तरच ती भेटावी. बाजारातल्या कार्डांवरची चमचम दुकानाच्या दारातूनच ओरडते, मग घरी आणून बघायला उरतं काय?

मुलीचं मत वेगळं. तिला काळं कार्ड हवं. मोतिया शाई पांढऱ्यावर जेमतेम दिसते आणि काळ्यावर एकदम निळी-जांभळी पेटते, कारण आरपार गेलेला प्रकाश काळा कागद गिळून टाकतो आणि परतलेला तेवढा उरतो. तिने कुंपणाच्या चिऱ्यांवर उगवलेला नेचा तोडून आणला, काळ्या कार्डावर दाबून धरला आणि वरून दोन फवारे मारले. पान उचललं तर काळा नेचा आणि भोवती झगमगाट. मला जरा भडकच वाटलं. पण नेच्याच्या टोकाची वेटोळी इतकी चोख उमटली होती की भडक म्हणवेना.

नंतरचं काम कंटाळवाणं. प्रत्येक बाटलीची तोटी काढून कोमट पाण्यात बुडवली, साध्या पाण्याचे चारदोन फवारे मारून घेतले. आळस केला तर पुढच्या वेळी भुकटी तोटीत घट्ट बसते आणि फवाऱ्याऐवजी पिचकारी उडते. घरी केलेल्या बाटलीचं आणखी एक. तिच्यात अभ्रक कागदाला धरून राहावं म्हणून लाडवांतला डिंक विरघळवून घालते. बोटाला चकाकी लागत नाही, पण या हवेत डिंकाला बुरशी येते. म्हणून ती लागेल तेवढीच करायची आणि उरली तर ओतून द्यायची.

खिडकीचं कार्ड पुण्याच्या आत्याला. ती त्याच खिडकीखाली बसून शाळेचा अभ्यास करायची. आत बटर पेपर घातला, पाकिटात जाड पुठ्ठा सरकवला, कारण पोस्टाचा शिक्का जोरात बसतो. उद्या टाकलं तर चवथीच्या बरंच आधी पोचायला हवं. तिला फोनवर अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं की म्हणेल, फोटो पाठव. फोटो मी काढून पाहिला. त्यात ते पिवळसर चौकोन असलेलं साधं कार्ड दिसतं.