ताडपत्रीखालचा चौक

आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे वार्षिक कार्यक्रम मी आधी प्रेक्षक म्हणून पाहिले, मग हरकाम्या म्हणून त्यात राबलो आणि पुढे आर्किटेक्ट झाल्यावर मंडळाचा बिनपगारी नेपथ्यकार झालो. माझ्या व्यवसायाबद्दल कोणी विचारले तर सांगण्यासारखे फारसे नसते. नकाशे, परवानग्या, कंत्राटदार आणि महापालिकेतल्या खेपा यांत ऐकणाऱ्याला काय रस असणार? गणपतीच्या त्या दिवसांबद्दल मात्र मी कोणी न विचारताही बोलत राहतो, अशी घरच्यांची तक्रार आहे.

आमची चाळ गिरगावातली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसू लागला, तेव्हापासून परिसरातली प्रत्येक चाळ स्वतःला त्याच परंपरेची वारसदार समजत आली आहे. आमची चाळ वयाने आणि कीर्तीने बरीच धाकटी होती, पण तोरा तोच होता. वडील जवळच्या छापखान्यात कंपोझिटर होते आणि मंडळाची कार्यक्रमपत्रिका जुळवण्याचे काम त्यांच्याकडे ठरलेले असे. पाककला स्पर्धा, रांगोळी, पाठांतर, संगीत खुर्ची, सत्यनारायणाची महापूजा, हळदीकुंकू, भजन, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि एकांकिका एवढा सगळा ऐवज एका कागदावर मावला पाहिजे आणि तरी तो वाचता आला पाहिजे, यासाठी ते दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून किंवा काढून पाहत बसत. कोरी जागा ही उरलेली जागा नसते, ती मुद्दाम ठेवावी लागते, हे मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो. कॉलेजात हेच पुढे मोठ्या शब्दांत शिकवण्यात आले.

चाळ तीन मजली होती आणि चौकाच्या तिन्ही बाजूंनी वळलेली होती. चौथी बाजू शेजारच्या इमारतीच्या आंधळ्या भिंतीने बंद केलेली असल्यामुळे रंगमंच कुठे उभारायचा हा प्रश्न कधी पडलाच नाही. तो त्या भिंतीला टेकून उभा राही आणि समोरच्या व दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या आपोआप नाट्यगृहाचे सज्जे होत. खाली सतरंजीवर मुले, मागे बाकड्यांवर पाहुणे आणि ज्येष्ठ मंडळी, आणि वर लाकडी कठड्याला टेकून प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या दारासमोर. स्वयंपाकघरातला कुकर बंद करायला जाऊन पुन्हा नाटकात परतता येईल, असे नाट्यगृह मला नंतर कुठेही पाहायला मिळाले नाही. कोणी रुसून आत गेले तरी आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत असे, कारण तिन्ही बाजूंच्या भिंती तो अडवून पुन्हा चौकात सोडत.

या व्यवस्थेत एकच अडचण होती आणि ती दर भाद्रपदात नव्याने उगवे, ती म्हणजे पाऊस. चौकावर ताडपत्री बांधायची, पण किती उंचीवर, यावर मंडळाच्या बैठकीत जितका वेळ गेला तितका वर्गणीच्या हिशेबावरही गेला नसेल. ती पहिल्या मजल्याच्या पातळीला बांधली तर खालची मंडळी कोरडी राहत, पण वरच्या दोन मजल्यांना नाटकाऐवजी ताडपत्रीची पाठ दिसे आणि तिथल्या बिऱ्हाडांची वर्गणीही तितकीच होती. ती गच्चीच्या कठड्याला बांधली तर सगळ्यांना दिसे, पण वारा सुटला की पावसाची तिरकी झड थेट पेटीवाल्यावर. वर्षानुवर्षांच्या भांडणांतून जो तोडगा निघाला तो असा होता: ताडपत्री वर, गच्चीच्या पातळीलाच, परंतु रंगमंचाच्या बाजूला उंच आणि समोरच्या बाजूला खाली अशी उतरती बांधायची, मध्ये दोरांची जाळी ताणायची आणि पाणी समोरच्या पन्हळात सोडायचे. उतार कमी पडला की ताडपत्रीला पोट येई, त्यात बादल्याच्या बादल्या पाणी साचे, आणि मग गच्चीवरचा एक मुलगा लांब बांबूने ते पोट हलकेच ढकलून रिकामे करी. हे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. ताणलेल्या छताच्या रचनेवरचे व्याख्यान जे. जे.च्या वास्तुकला महाविद्यालयात ऐकताना मला आधीपासून सगळे ठाऊक असल्यासारखे वाटले ते त्यामुळेच, आणि ते वाटणे अगदीच खोटे नव्हते.

सजावटीचे सूत्रधार तिसऱ्या मजल्यावरचे एक काका होते. ते बेस्टच्या वीजपुरवठा विभागात नोकरीला असल्यामुळे सगळी चाळ त्यांना बेस्टवाले काका म्हणे. थर्माकोल कापायला सुरीऐवजी तापलेली तार वापरायची, हे आमच्याकडे त्यांनी आणले. जुन्या शेगडीतल्या कॉइलची तार सरळ करून ती लाकडी चौकटीत ताणायची, ट्रान्सफॉर्मर लावून तिच्यात कमी दाबाची वीज सोडायची आणि मग मीटरभर लांबीचा तक्ता तिच्यावरून सरकवायचा. हात थबकला तर तिथे खड्डा पडे आणि घाई केली तर तार तुटे. कमानी, महिरपी आणि शिखरे अशी निघत गेली. मात्र काकांचा खरा आग्रह वेगळाच होता. मखर समोरून कसे दिसते हे आधी न पाहता ते मला तिसऱ्या मजल्यावर नेऊन खाली पाहायला लावत. इतर मंडळांच्या मखरांचा माथा उघडा, सुतळ्या आणि कामट्या लोंबत असलेला असे, कारण तिथे वरून पाहणारे कोणी नव्हते. आमच्याकडे निम्मे भाविक वरूनच दर्शन घेत. म्हणून आमच्या मखराचे छप्पर नेहमी पूर्ण केलेले असे. आजही एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि वातानुकूलन यंत्रे कशीबशी टाकलेली दिसली की मला संताप येतो, आणि कार्यालयातल्या तरुण मंडळींना त्यामागचे कारण कळत नाही.

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सजावटीच्या सामानाला सूट मिळवण्याचा प्रयत्नही उच्च न्यायालयात फसला. काका तेव्हा हयात नव्हते. त्यांनी हळहळ केली असती असे चाळीतल्या लोकांना वाटते. मला तसे वाटत नाही. थर्माकोलच्या आधी पुठ्ठा, घोटीव कागद, खळ आणि कामट्या यांवर त्यांचा हात चांगला बसलेला होता आणि थर्माकोलमुळे मुले आळशी झाली, असे ते स्वतःच म्हणत.

एकांकिका हा माझा खरा लोभ. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० साली आला. त्याआधी आमचे नाटक साडेदहाला सुरू होणे हीच वेळेवर सुरुवात समजली जाई. चाळीतल्या पात्रांना नक्कल पाठ नसे, विंगेतून प्रॉम्प्टिंग करणाऱ्याचा आवाज मुख्य पात्रापेक्षा खणखणीत असे, आणि कोणाच्या तरी घरची खरी आरामखुर्ची मंचावर आली की मालकीणबाई गॅलरीतून ती जपून वापरण्याची सूचना करत. यातूनच मला नेपथ्याची गोडी लागली. पुढे हौशी संस्थांच्या नाटकांसाठी केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात मी रात्री जागवल्या आणि सकाळी तसाच कामावर गेलो. तीन तासांसाठी उभारलेले घर प्रयोगानंतर अर्ध्या तासात टेम्पोत भरले जाते, याचे मला कधी वाईट वाटले नाही. ज्या कामात पुढच्या साठ वर्षांची गळती, वाळवी आणि सोसायटीची भांडणे आधीच दिसू लागतात, त्या कामानंतर हे फार हलके वाटते.

आर्किटेक्टला त्याची आवड कुठून मिळते हे त्याच्या पदवीवरून सहसा कळत नाही. बाळकृष्ण दोशी पुण्यात फर्निचरच्या व्यवसायातल्या कुटुंबात वाढले. अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे आणि त्यांचे वडील चित्रकार होते. गोव्याशी नाते सांगणारे चार्ल्स कोरिया लहानपणी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या रुळांची मांडणी करण्यात रमत आणि तो छंद त्यांनी मोठेपणीही सोडला नाही. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, पण चौकावरची ताडपत्री माझ्या नावावर आहे.

चाळ आता नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाने तिथे मनोरा उभा राहिला आणि जुन्या भाडेकरूंना स्वतःची स्वच्छतागृहे असलेली घरे मिळाली. जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणावे लागणाऱ्या आजी आता लिफ्टने आरतीला येतात. गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापुढे ज्याने पहाटे रांग लावली आहे, तो चाळीबद्दल उमाळे काढताना जरा सांभाळून बोलतो. तरीही नियमांनी इमारतीच्या सभोवती मोकळी जागा सोडायला लावली आणि मधोमध असलेली जागा गेली, ही त्रुटी मी व्यावसायिक म्हणूनही मानतो. डोंबिवलीला आणि बोरिवलीला गेलेली बिऱ्हाडे एकांकिकेच्या रात्री अजून येतात, पण येतात ती वाहनतळाच्या मजल्यावर. २०२० साली सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली तेव्हा आमचे काही अडले नाही, कारण आमची मूर्ती कधीच तीन फुटांच्या वर गेली नव्हती. कार्यक्रम मात्र त्या वर्षी झाले नाहीत.

पुन्हा सुरू झाले तेव्हा वाहनतळाच्या बुटक्या छताखाली मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसू लागली, म्हणून मी मंच उंच करण्याच्या खटपटीत होतो. मुलांनी माझी वाट पाहिली नाही. त्यांनी मंच रॅम्पच्या पायथ्याशी मांडला आणि सतरंज्या गाड्यांच्या त्या उतारावर पसरल्या. दहा फुटांना एक फूट अशी चढण, म्हणजे प्रेक्षागृहाला शोभेल असा उतार बिल्डरने फुकट दिलेला होता आणि तो मला दिसला नव्हता. आता नाटकाच्या रात्री ७ ते १० रॅम्प बंद ठेवण्याचा ठराव सोसायटीने केला आहे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर वर्षी त्याविरुद्ध लेखी हरकत देतात, गाडी साडेसहालाच बाहेर रस्त्यावर लावतात आणि चांगली जागा मिळावी म्हणून सर्वांत आधी सतरंजीवर येऊन बसतात.