तुम्ही विचारलंत म्हणून: परग्रहावरचा जीव ताटात चालेल का?

"सर, दुसऱ्या ग्रहावर आपल्यासारखेच अक्कलवाले जीव सापडले आन् त्यायचं मटण बोकडाहून भारी निघालं, तं खायचं का नाई?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा सातवीतल्या एका पोरीने विचारला. मग मेहुण्याने, मग शेजारच्या काकांनी, आता तर लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी विचारतंच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो, शनिवारी शाळा सुटली की पोरांना विज्ञानकथा सांगत बसतो, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. आणि पाठोपाठ दुसरा येतो, की तुम्ही तर स्वतः मटण खाता, मग एलियनचाच एवढा पुळका काहून? दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून मोकळा होतो आणि घरी आल्यावर वाटतं की हे बसून बोलायला पाहिजे होतं.

आधी मी सरळ सांगायचो, हुशार असेल तर खायचं नाही, नसेल तर चालतं. बऱ्याच जणांचं उत्तर हेच असतं. पण पोरांना एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची १८९५ची टाइम मशीनची गोष्ट सांगितली आणि माझं मलाच ते पटेना. त्यात लाखो वर्षांनंतर माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. एलॉय वर उन्हात राहतात, फळं खातात, नाजूक, हसरे, कोणत्याच गोष्टीत दोन मिनिटं लक्ष लागत नाही. मोरलॉक जमिनीखाली राहतात, मशीनी चालवतात, एलॉयना कपडालत्ता पुरवतात आणि अंधाऱ्या रात्री वर येऊन त्यांनाच उचलून नेतात, खायला. आता हुशारीचाच नियम लावला तर मोरलॉक बरोबर ठरतात की नाही? मशीनची अक्कल त्यांच्याकडे आहे. पण आजवर एकही पोरगा मोरलॉकच्या बाजूने बोललेला नाही, सगळ्यांचा जीव त्या बिनडोक एलॉयसाठीच तुटतो. मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "सर, हे तं आमच्या बकऱ्यायसारखंच झालं, चारा घालाचा, पान्याले न्याचं, आन् मंग..." पुढे तो बोललाच नाही, वर्गही बोलला नाही.

१८९८च्या गोष्टीत तर वेल्सने मंगळावरचे जीवच पृथ्वीवर आणले. ते माणसाला चावून खात नाहीत, जिवंत माणसाचं रक्त काढून सरळ आपल्या शिरेत घेतात. आणि हे सांगता सांगता तो म्हणतो की एखाद्या समजदार सशाला आपलं मांस खाणं किती किळसवाणं वाटेल याचा विचार करा. मंगळवाले आपल्यापेक्षा किती पुढचे, म्हणून आपण त्यांचा आहार व्हायचं का?

आता वाघाचं सांगतो, कारण आमच्या भागात हा विषय कथेतला नाही. पांढरकवडा-राळेगावकडे टी-१ वाघीण होती, लोक अवनी म्हणत, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली. त्या दिवसांत लोक शेतात जायला भीत होते, कापूस झाडावर तसाच राहिला होता. राग सगळ्यांना होता, पण वाघिणीने पाप केलं असं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. ज्यांना ती खात होती ती तर अक्कलवालीच माणसं होती ना? तरी पाप नाही, कारण तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, तिला थांबून विचार करता येत नव्हता.

तिथे मला उमगलं की आपण अक्कल चुकीच्या जागी मोजतो. समोरच्याला किती अक्कल आहे हे बघत बसतो, पण ती मोजायची खाणाऱ्याची. ज्याला कळतं, ज्याच्याकडे खायला दुसरं काही आहे, त्यालाच हा प्रश्न लागू होतो. मोरलॉकला लागू होतो, मंगळवाल्याला होतो, आणि मला तर होतोच होतो.

आमच्या घरी चांद्या नावाचा बोकड होता, कपाळावर पांढरा ठिपका. ढेपेच्या डब्याचं झाकण त्याला उघडायचं नाही. तोंडाने ढकलायचा, पाय मारायचा, मग मान वळवून माझ्याकडे बघायचा, परत डब्याकडे, परत माझ्याकडे. मी उठेपर्यंत तेच. तेव्हा मी त्याला खोडकर म्हणायचो. नंतर वाचलं की लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं, खाऊचा डबा उघडेनासा झाला की शेळ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात, मदत मागितल्यासारखं. ते वाचलं तेव्हा चांद्या नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला कापला होता, आणि मी जेवलोही होतो. तेव्हापासून घरी वाढवलेलं जनावर मी खात नाही. विकत आणलेलं अजून खातो, कमी खातो, पण खातो, आणि ते बरोबर आहे असं मी कोणालाच सांगणार नाही, कारण त्या बोकडानेही कोणाच्या तरी तोंडाकडे बघितलंच असेल.

पुस्तकवाल्यांनी यातून एक पळवाटही काढून बघितली. डग्लस अ‍ॅडम्सच्या १९८०च्या कादंबरीत जनावर स्वतःच टेबलाशी येऊन सांगतं की मला खा, माझा अमुक भाग चांगला आहे. परवानगी पूर्ण आहे, तरी मला तो घास गिळवत नाही, कारण त्याला तसं वाढवलं कोणी, हे विचारायचं राहूनच जातं.

आणि परग्रहापर्यंत जायची तरी काय गरज? ऑक्टोपस बघा, सुमारे ५० कोटी न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी, त्यातले दोन तृतीयांश हातांमध्ये, आपल्याहून इतका वेगळा मेंदू की एलियनच म्हणा. ब्रिटनने २०२२मध्ये कायद्याने मान्य केलं की त्यालाही जाणीव आहे, कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये त्याची शेती करायला बंदी घातली. म्हणजे कोणाला खायचं आणि कोणाला नाही, ही रेघ सरकवता येते.

आपल्याकडे तर ती आधीच सरकवलेली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून आपण म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जनावराला जेवायचं आमंत्रण! माझा बाप ते म्हणताना टोपी काढायचा. बैल बोकडापेक्षा हुशार म्हणून हे नाही, त्याने आपल्यासोबत राबून दिलं म्हणून आहे, आणि हे ठरवलं आपणच, बैलाने येऊन मागितलेलं नाही. मग दोन दिवसांनी करीला बोकड शिजतो, त्याच अंगणात. बोकडाच्या बाबतीत आपण अजून ठरवलेलं नाही, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मी त्या सातवीतल्या पोरीला एका शनिवारी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मंग ते एलियनच आपल्याकडे आले आन् त्यायनं विचारलं का तुमी कोनाले खाता, तं का सांगाचं?" मी म्हटलं खरं सांगायचं, सगळं, बोकडाचंही आणि बैलाचंही.

थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "बैलाचं आधी सांगू, सर."