इंड एएस ११६: भाडेकरार ताळेबंदात आणताना गाडी कुठे अडते

कंपनी व्यवहार मंत्रालयाने इंड एएस ११६, म्हणजे भाडेकरारांच्या (लीजच्या) हिशेबाचं भारतीय लेखा मानक, अधिसूचित केलं ३० मार्च २०१९ ला, आणि ते लागू झालं १ एप्रिल २०१९ पासून. मध्ये एकच दिवस, तोही रविवार. पण ‘आम्हाला वेळच मिळाला नाही’ ही तेव्हाची तक्रार अर्धीच खरी होती. ज्यावरून हे मानक बेतलं, ते आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १६, जानेवारी २०१६ मध्येच आलं होतं. अधिसूचना फक्त तारीख पक्की करते. काम तिच्या बरंच आधी सुरू करायचं असतं.

शिवाय ३१ मार्च २०१९ चा ताळेबंदही यातून सुटला नाही. मानक जाहीर झालंय पण अजून लागू नाही, अशा वेळी त्याचा अंदाजे परिणाम सांगणं इंड एएस ८ (लेखाधोरणं आणि चुकांचं मानक) च्या परिच्छेद ३० नुसार बंधनकारक असतं. ‘कंपनी परिणाम तपासत आहे’ एवढं एक वाक्य लिहून बहुतेकांनी वेळ मारून नेली. सूचीबद्ध कंपन्यांना मात्र १४ ऑगस्टपर्यंत पहिल्या तिमाहीचे निकाल नव्या पद्धतीनेच द्यायचे होते, तिथे खरी धावपळ झाली.

नियम थोडक्यात असा. आधीच्या इंड एएस १७ मध्ये ऑपरेटिंग लीजचं, म्हणजे साध्या भाड्याच्या कराराचं, भाडं सरळ खर्चात जायचं. आता भाडेकरूने उरलेल्या भाड्यांचं आजचं मूल्य काढून तेवढी लीज लायबिलिटी (भाड्याचं देणं) दाखवायची आणि समोर ‘राइट ऑफ यूज’ (वापराचा हक्क) ही मालमत्ता, म्हणजे ऑफिसच्या भाषेत आरओयू. भाड्याच्या जागी घसारा आणि व्याज. घरमालकाच्या हिशेबात फारसा फरक नाही.

एक्सेल उघडण्याआधी करार गोळा करा. भाड्याचं लेजर पुरेसं नसतं. त्यापेक्षा १९४-आय (१९६१ च्या आयकर कायद्यातलं भाड्याचं कलम) खाली कोणाकोणाचा टीडीएस कापला, ती यादी जास्त कामाची. तीही अपुरीच, कारण कर्मचाऱ्यांच्या बसचा कंत्राटदार १९४-सी (कंत्राटांचं कलम) मध्ये बसतो, जनरेटर ‘दुरुस्ती व देखभाल’मध्ये लपलेला असतो आणि गोदाम सी अँड एफ एजंटच्या (माल साठवून पुढे पाठवणाऱ्याच्या) बिलात. बसच्या बाबतीत विचारायचं एवढंच: ठरावीक बस आपल्यासाठीच राखीव आहे का, की कंत्राटदार स्वतःच्या सोयीने आणि फायद्याने कोणतीही बस पाठवू शकतो? दुसरं खरं असेल तर ती लीज नाही. जुने करार लीजच्या व्याख्येत बसतात का हे पुन्हा तपासलं नाही तरी चालेल, अशी सवलत संक्रमणात, म्हणजे जुन्या मानकावरून नव्यावर जाताना, होती. पण जुन्या नियमाखाली मुळातच चूक झाली असेल, तर ती या सवलतीत झाकली जात नाही.

सगळ्यात जास्त चुका लीजच्या मुदतीत होतात. आपल्याकडे ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय इतकी मुरलेली आहे की ‘१२ महिन्यांच्या आत आहे, शॉर्ट-टर्म सवलत घ्या’ (म्हणजे ताळेबंदात न आणता भाडं खर्चातच ठेवा) असं बिनदिक्कत लिहिलं जातं. ज्या जागेत कंपनी आठ वर्षं दर ११ महिन्यांनी नवा कागद करून बसलेली आहे, तिथे हे उत्तर आपोआप बरोबर ठरत नाही. कागदाच्या मुदतीबरोबर तिथून उठणं आर्थिकदृष्ट्या किती महाग पडेल तेही पाहायचं असतं. आयएफआरएसच्या इंटरप्रिटेशन्स कमिटीने नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं: करार सोडण्याचा दंड म्हणजे फक्त करारात लिहिलेली रक्कम नव्हे.

दुकानांचे करार बहुधा ३+३+३ वर्षांचे. लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) तीन वर्षांचं, आणि पुढे नोटीस देऊन निघायचा हक्क फक्त भाडेकरूला. लॉक-इन तीन म्हणून मुदत तीन, हा सोपा मार्ग. पण त्याच दुकानातलं फर्निचर आणि फिटिंग नऊ वर्षांत घसाऱ्याला टाकलेलं असतं. ऑडिटर आधी ही दोन शेड्यूल शेजारी ठेवतो. फिटिंग नऊ वर्षं वापरणार असाल, तर दुकान तीन वर्षांत सोडणार हे कोणाला पटणार?

आता आजचं मूल्य काढायचा व्याजदर. लीजमधला अंतर्गत दर सहसा कळत नाही, मग तेवढ्याच मुदतीचं, तेवढ्याच तारणाचं कर्ज कंपनीला किती टक्क्यांनी मिळालं असतं तो दर घ्यायचा. कॅश क्रेडिटचा (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) दर सगळीकडे चिकटवणं ही नेहमीची चूक. दोन वर्षांच्या गाडीला आणि नऊ वर्षांच्या गोदामाला एकच दर नसतो. सारख्या लीजांचा गट करून त्याला एक दर लावायची मुभा आहे. तिचा अर्थ ‘सगळ्या कंपनीला एक’ असा होत नाही.

एक दुकान घेऊ. भाडं वर्षाला १२ लाख, ५ वर्षं शिल्लक, दर १० टक्के. भाडं वर्षअखेर दिलं असं धरलं तर लायबिलिटी ४५.४९ लाख. पहिल्या वर्षी व्याज ४.५५ आणि घसारा ९.१०, म्हणजे खर्च १३.६५ लाख, भाड्यापेक्षा १.६५ लाख जास्त. पाचव्या वर्षी तोच १०.१९ वर येतो. पाच वर्षांची बेरीज मात्र ६० लाखच. पण भाडं प्रत्यक्षात महिन्याला एक लाख आणि आगाऊ जातं. तसं मांडलं की लायबिलिटी ४७.९२ लाख होते. मासिक दर काढताना १० ला १२ ने भागलं तर ४७.४६. दीडशे दुकानं असतील तर हा फरक किरकोळ राहत नाही, म्हणून कोणती रीत वापरली ते शीटच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवा.

२०१९ च्या संक्रमणाचे मार्ग दोन होते. पहिल्यात मागची वर्षंही नव्याने मांडायची. त्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. दुसऱ्यात मागचे आकडे तसेच ठेवून १ एप्रिलला एकदाच परिणाम घ्यायचा. त्यातही आरओयू मोजायच्या दोन रीती, आणि दर लीजला वेगळी निवडता यायची. वरचं दुकान १० वर्षांचं होतं आणि निम्मी मुदत संपली आहे असं समजा. आरओयू लायबिलिटीइतकीच धरली तर ४५.४९, राखीव नफ्याला धक्का नाही. सुरुवातीपासून हेच मानक होतं असं धरलं तर दहा वर्षांचे ७३.७३ लाख, त्यातला निम्मा घसारा झालेला, उरले ३६.८७. फरकाचे ८.६२ लाख डिफर्ड टॅक्स (त्यावरचा पुढच्या काळातला कर) धरण्याआधी थेट राखीव नफ्यातून वजा. बदल्यात पुढची पाच वर्षं घसारा ९.१० ऐवजी ७.३७. पुढचा नफा बरा दिसावा म्हणून मोठ्या, जुन्या लीजांना ही दुसरी रीत लावायचा मोह व्हायचा. रीत कायदेशीर होती, फक्त सुरुवातीपासूनचे कागद हाताशी हवेत.

घरमालकाकडे ठेवलेलं डिपॉझिट विसरू नका. बिनव्याजी ६ लाख, ५ वर्षं, ८ टक्के: आजचं मूल्य ४.०८ लाख, उरलेले १.९२ लाख आरओयूमध्ये. इथे दर घरमालकाच्या पतक्षमतेनुसार, आपल्या कर्जाचा नाही. संक्रमणाच्या दिवशी पुस्तकात आधीच पडून असलेलं प्रीपेड भाडं आरओयूत मिळवायचं, आणि वाढतं भाडं सगळ्या वर्षांत समान हप्त्यांनी खर्चात टाकल्यामुळे साचलेली तरतूद त्यातून वजा करायची. भाडेवाढ महागाईच्या अंदाजाइतकी असेल तर समान हप्ते नकोत, अशी सूट आपल्या इंड एएस १७ मध्ये होती, म्हणून अनेकांकडे ही तरतूद नव्हतीच. एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या प्लॉटचं प्रीमियम आधीच भरलेलं असतं आणि वार्षिक भाडं नाममात्र; तिथे लायबिलिटी जवळपास शून्य, काम वर्गीकरणाचं.

मॉलमध्ये विक्रीच्या टक्केवारीचं भाडं लायबिलिटीत येत नाही, मिनिमम गॅरंटी येते. दर तीन वर्षांनी ठरलेली १५ टक्के वाढ पहिल्या दिवसापासून धरायची. जीएसटी धरायचा नाही.

रोजच्या नोंदींत मात्र भाडं मरत नाही. घरमालकाचं बिल येणार, जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं, टीडीएस पूर्ण भाड्यावर कापायचा. त्यामुळे बिल आधी भाडे खात्यातच पडतं आणि महिनाअखेरीला तिथून लायबिलिटीत वळवावं लागतं. ही एक एंट्री राहिली की भाडं, घसारा आणि व्याज तिन्ही खर्चात. भाडे खात्यात शेवटी फक्त शॉर्ट-टर्म, कमी किमतीच्या आणि विक्रीवर आधारित लीजा उरायला हव्यात. उरलेली शिल्लक बिलागणिक समजावता आली नाही, तर क्लोजिंग झालं असं म्हणू नका.

बँकेला आधी सांगा. एबिटडा (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा) वाढतो तसं कर्जही वाढलेलं दिसतं, आणि करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) हमखास घसरतो: लायबिलिटीचा पुढच्या वर्षीचा भाग (आपल्या दुकानाचे ७.४५ लाख, १२ नव्हे) चालू देण्यांत येतो, आरओयू मात्र पूर्ण दीर्घ मुदतीची. कर्जकरारात जुन्याच पद्धतीने गुणोत्तरं मोजायची अट असेल तर ठीक, नसेल तर ३१ मार्चनंतर विनवण्या करण्यात अर्थ नाही.

शेवटी संक्रमणाच्या वर्षीची, इंड एएस ११६ च्या परिच्छेद सी१२ ची टीप. आधीच्या वर्षी ‘ऑपरेटिंग लीजची बांधिलकी’ म्हणून दिलेला आकडा डिस्काउंट करून १ एप्रिलच्या लायबिलिटीशी जुळवायचा, आणि भारित सरासरी दर सांगायचा. बऱ्याच ठिकाणी जुना आकडा फक्त लॉक-इनच्या भाड्याचा होता आणि नवा त्याच्या कितीतरी पट. मुदतवाढीच्या पर्यायामुळे फरक पडला असेल तर तसं लिहिता येतं. जुन्या यादीत करारच सुटले असतील, तर ती आधीच्या काळातली चूक ठरते का हे इंड एएस ८ खाली तपासावं लागतं, आणि ऑडिट कमिटीपुढे ते आपणहून न्यावं लागतं.